औषधचिठ्ठीतील अपवाद आणि प्रमाद : संख्यामूलक परीक्षणाची एक चिकित्सा

डॉक्टरच्या चिठ्ठीच्या शिरोभागी जी खूण असते, ती लॅटिन भाषेतील ‘घे’ या अर्थाच्या आज्ञार्थी क्रियापदाचा संक्षेप होय. आज्ञा करणारा डॉक्टर, ती वाचणारा औषधविक्रेता आणि तिचे बरेवाईट फळ भोगणारा रुग्ण अशा तिघांमध्ये घडणारा हा भाषाव्यवहार आहे. इंग्रजीत तर ‘असे बोलावे, असे बोलू नये’ असे सांगणाऱ्या आदेशक व्याकरणाचे विशेषण आणि औषधचिठ्ठीचे नाव ही दोन्ही एकाच धातूपासून निघालेली आहेत. एवढ्या नात्याच्या बळावर भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या अंगणात पाऊल टाकावे काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अमुक रोग्यास अमुक औषध द्यावे की न द्यावे, हे सांगण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही आणि तसा येथे प्रयत्नही नाही. परंतु गेल्या काही वर्षांत वैद्यकाच्या क्षेत्रात एक निराळीच पद्धती रूढ होत चालली आहे. हजारो चिठ्ठ्या एकत्र करावयाच्या, त्यांतील औषधांची मोजदाद करावयाची आणि ज्या डॉक्टरची लिहिण्याची रीत त्याच्या समव्यवसायी मंडळींहून फार वेगळी दिसेल त्याच्यावर बोट ठेवावयाचे, अशी ही पद्धती आहे. उच्चार गोळा करणे, त्यांचे प्रकार पाडणे, वारंवारता मोजणे आणि रूढीहून वेगळे काय ते टिपणे हा तर आमचा जुनाच धंदा आहे. त्यातील खाचखळगे आम्हांस थोडेफार ठाऊक आहेत. या पद्धतीत ‘वेगळे’ आणि ‘चुकीचे’ या दोन कल्पनांची जी सरमिसळ होते, तिचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या पद्धतीचे सर्वांत विकसित रूप इंग्लंडमध्ये दिसते. तेथे औषधविक्रेत्यास मिळावयाचे पैसे राष्ट्रीय आरोग्य सेवेकडून येतात. त्यामुळे प्रत्येक चिठ्ठी बिलाच्या रूपाने एका मध्यवर्ती कचेरीत परत येते. कोणत्या दवाखान्याने कोणते औषध किती लिहिले, याची आकडेवारी तेथे दर महिन्याला प्रसिद्ध होते. ऑक्सफर्ड येथील बेन गोल्डेकर यांच्या गटाने २०१५ पासून ती सर्वांना पाहता येईल अशा आलेखांत मांडण्यास प्रारंभ केला. प्रत्येक दवाखाना इतरांच्या तुलनेत कोठे बसतो, हे त्या आलेखांवरून एका दृष्टिक्षेपात कळते. योजना स्तुत्य आहे. कारण ती आरोप करीत नाही, केवळ प्रश्न विचारते. निदान तिच्या कर्त्यांचा तसा हेतू आहे.

अशा मोजदादीची निकड तेथे भासली त्यामागे एक भयंकर प्रकरण होते. हाइड गावचा डॉक्टर हॅरोल्ड शिपमन यास जानेवारी २००० मध्ये पंधरा खुनांबद्दल शिक्षा झाली आणि पुढे चौकशी आयोगाने २००२ मध्ये त्याच्या बळींची संख्या २१५ ठरविली. रुग्णांच्या नावाने घेतलेले डायामॉर्फिन हे त्याचे हत्यार होते. आकड्यांवर कोणी नजर ठेवली असती तर त्याला वेळीच रोखता आले असते काय, हा प्रश्न डेव्हिड स्पीगलहाल्टर आदी संख्याशास्त्रज्ञांनी हाती घेतला आणि पुष्कळच आधी धोक्याची घंटा वाजली असती असे दाखवून दिले. येथवर हे सारे पद्धतीच्या बाजूचे आहे. पण स्पीगलहाल्टर यांनीच पुढची हकीकतही प्रामाणिकपणे नोंदविली आहे. हीच कसोटी इतर डॉक्टरांस लावून पाहिली तेव्हा शिपमनहूनही अधिक मृत्युदर असलेला एक डॉक्टर निघाला. तपासाअंती आढळले की, दक्षिण किनाऱ्यावरील ज्या गावी तो व्यवसाय करीत होता तेथे वृद्धांची निवासस्थाने पुष्कळ होती आणि आपल्या रुग्णांस अखेरच्या दिवसांत इस्पितळात न धाडता घरीच शांतपणे मरण यावे म्हणून हा गृहस्थ कसोशीने झटत असे. आकड्यांच्या यादीत खुनी आणि सेवाभावी हे दोघे एकमेकांच्या शेजारी बसले होते. त्यांना एकमेकांपासून वेगळे करण्याचे काम आकड्यांनी केले नाही. ते कोणीतरी तेथे जाऊन, कागद वाचून, माणसांशी बोलून केले.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. येथे इंग्लंडसारखी मध्यवर्ती कचेरी नाही. रुग्ण औषधाचे पैसे बहुधा स्वतःच्या खिशातून देतो आणि चिठ्ठी दुमडून घरी नेतो. तिचा पुढचा प्रवास प्लॅस्टिकच्या पिशवीत, क्ष-किरणाच्या फोटोसोबत होतो. तथापि चिठ्ठ्यांच्या वैचित्र्याचा अभ्यास महाराष्ट्रात झालाच नाही असे मात्र नाही. मुकुंद उपळेकर आणि डोनल्ड शेपर्ड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला मुंबईतील अभ्यास या विषयात अग्रगण्य मानला जातो. क्षयरोगासाठी १०० खासगी डॉक्टरांनी ८० निरनिराळ्या औषधयोजना सांगितल्या, हा त्यातील निष्कर्ष आता जगभर उद्धृत होतो. जवळजवळ दोन दशकांनंतर, २०१० मध्ये, झरीर उदवाडिया, लान्सलॉट पिंटो आणि उपळेकर यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी १०६ डॉक्टरांनी ६३ योजना लिहिल्या. बिनचूक योजना लिहिणारे निघाले सहा.

या आकड्यांकडे आपण शब्दकोशकाराच्या दृष्टीने पाहू. प्रत्येक डॉक्टरची एकच योजना धरली, तर १९९१ च्या अभ्यासात १०० प्रयोग आणि ८० प्रकार आहेत. साध्या गणिताने असे निघते की, या ८० पैकी निदान ६० प्रकार एकेकदाच आलेले असले पाहिजेत. एखाद्या ग्रंथात एकदाच येणाऱ्या शब्दाला ज्याप्रमाणे आपण वेगळे काढतो, त्याप्रमाणे या ६० औषधयोजना एकेका डॉक्टरच्या खासगी शब्द होत. २०१० च्या अभ्यासात हीच किमान संख्या २० वर येते. म्हणजे वैचित्र्य कमी झाले हे खरे. परंतु वैचित्र्य घटले म्हणून शुद्धता वाढली असे म्हणता येत नाही. १०६ पैकी १०० जण चुकलेलेच होते. लोक एकसारखे बोलू लागले, पण ते एकसारखे चुकू लागले असतील, ही शक्यता प्रकारांची मोजदाद आपल्या पोटात लपवून ठेवते.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढचा आहे. या दुसऱ्या अभ्यासाच्या कर्त्यांना असे आढळले की, जरुरीपेक्षा अधिक औषधे अधिक काळ देण्याकडे डॉक्टरांचा कल होता. नव्या रोग्यासाठी त्या काळची मान्य पद्धती सहा महिन्यांची : पहिले दोन महिने चार औषधे, नंतरचे चार महिने दोन. आता समजा, या १०६ जणांच्या चिठ्ठ्या एखाद्या यंत्राला दिल्या आणि समव्यवसायींच्या सरासरीहून दूर असलेला डॉक्टर शोध, अशी त्याला आज्ञा केली. जेथे सरासरीच अतिरेकाकडे झुकलेली आहे, तेथे यंत्राला कोण वेगळा दिसेल? जो मोजकी औषधे मोजक्या काळासाठी लिहितो तो! सरासरीच्या कसोटीवर तो कंजूष, कदाचित निष्काळजीही ठरेल. बहुसंख्य डॉक्टर मात्र यंत्राच्या लेखी निर्दोष सुटतील. कारण ते एकमेकांसारखे आहेत. समव्यवसायींशी तुलना करण्याची पद्धती इंग्लंडमध्ये काही अंशी चालते, याचे कारण तेथील बहुसंख्यांची रीत मान्य प्रमाणाच्या आसपास असते, हे गृहीत बऱ्याच अंशी खरे आहे. ते गृहीत न तपासता ती पद्धती मुंबईत वा पनवेलमध्ये आणणे म्हणजे ज्या वर्गातील शंभरांपैकी चौऱ्याण्णव विद्यार्थी ‘आशिर्वाद’ असे लिहितात, त्या वर्गात ‘आशीर्वाद’ लिहिणाऱ्याची वही लाल शाईने भरून टाकण्यासारखे आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. भाषाशास्त्रच तर शिकविते की बहुसंख्यांचा प्रयोग हाच अखेर प्रमाण ठरतो. कालची अशुद्धता आज कोशात जाते. मग औषधांच्या बाबतीत निराळा न्याय का? आक्षेपात अंशतः तथ्य आहे. वैद्यकातील प्रमाणही बदलते. आपल्या शासकीय क्षयरोग कार्यक्रमात पुष्कळ वर्षे आठवड्यातून तीन वेळा औषध देण्याची पद्धती होती. रोज औषध लिहिणारा खासगी डॉक्टर त्या प्रमाणाहून ढळलेला होता. २०१७ मध्ये शासनानेच रोजच्या औषधाची पद्धती देशभर स्वीकारली आणि कालचे विचलन आजचा नियम झाले. तेव्हा नियमपुस्तक हातात घेऊन चिठ्ठ्या तपासणाऱ्याने ते पुस्तक कोणत्या सालचे आहे हे आधी पाहावे. परंतु साम्य येथेच संपते. भाषेत अर्थ ठरतो तो बोलणाऱ्यांच्या संमतीने. क्षयाच्या जंतूशी मात्र कोणाचा असा करार झालेला नाही. शंभर डॉक्टरांनी एकमताने अपुरे औषध दिले तर जंतू त्या एकमताचा मान राखून मरत नाही, तो औषधाला दाद न देणारा होऊन पुढच्या माणसाकडे जातो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी, तेव्हा तपासल्या जाणाऱ्या कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाची जी प्रकरणे २०१२ च्या सुमारास प्रसिद्ध केली, त्यांतील रुग्णांनी अनेक खासगी डॉक्टरांचे उंबरठे झिजविले होते आणि प्रत्येक ठिकाणी चिठ्ठीत एखादे औषध वाढत गेले होते.

या अभ्यासांच्या आधारसामग्रीविषयीही एक शंका नोंदविणे अगत्याचे आहे. २०१० मध्ये डॉक्टरांना विचारले गेले ते कल्पित रुग्णासंबंधी. आमच्या क्षेत्रात निवेदकाला ‘तुम्ही असे म्हणता काय?’ असे विचारून मिळविलेले वाक्य आणि बाजारात सहज कानावर पडलेले वाक्य यांत फरक केला जातो. पहिल्यात माणूस आपले ज्ञान दाखवितो, दुसऱ्यात आपली सवय. ही दरी किती रुंद असते, याचा अंदाज २०१४-१५ मध्ये मुंबई आणि पाटणा येथे झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाच्या रीतीवरून येतो. तेथे शिकवून तयार केलेली माणसे रुग्ण म्हणून दवाखान्यांत गेली आणि प्रत्यक्ष काय घडले ते त्यांनी टिपले. सुमारे ३५ टक्के भेटींतच त्यांची हाताळणी योग्य झाली. ही रीत खर्चाची आणि कष्टाची आहे. पण ती चिठ्ठी लिहिली जात असतानाचा प्रसंग पकडते, आणि प्रसंगावाचून उच्चाराचा अर्थ लागत नाही हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी सांगतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला विक्रीचे आकडे आहेत. निमलन अरिनमिनपथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये औषधविक्रीच्या आकड्यांवरून असे अनुमान काढले की, २०१४ साली भारतातील खासगी क्षेत्रात सुमारे २२ लाख क्षयरुग्णांवर उपचार झाले. हा आकडा तोवरच्या समजुतीच्या दुप्पट-तिप्पट होता. या संशोधनाने शासनाचे डोळे उघडले, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. तथापि २२ लाख हा एका विस्तृत पट्ट्याचा मध्य आहे. तो पट्टा ११.९ लाखांपासून ५३.४ लाखांपर्यंत पसरलेला आहे. असे का? विकले गेलेले औषध जवळजवळ अचूक मोजलेले होते; पण ते घेणाऱ्यांपैकी किती जणांना खरोखर क्षय होता आणि प्रत्येकाने ते किती महिने घेतले, ही दोन्ही गृहीते होती. शब्द मोजले गेले, अर्थ कल्पावा लागला. संशोधकांनी हे गृहीत लपविले नाही, ही त्यांची सचोटी. उद्धृत करणारे मात्र सामान्यतः मधला आकडा तेवढा उचलतात.

शब्दांचीच गोष्ट निघाली आहे तर नावांच्या प्रश्नालाही स्पर्श केला पाहिजे. आपल्याकडील चिठ्ठीत औषधाचे मूळ नाव क्वचित येते, व्यापारी नाव येते. एकाच द्रव्याला अनेक नावे आणि एका नावाखाली अनेक द्रव्यांचे मिश्रण. बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे माजी कुलगुरू चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीच्या शिफारशींवरून केंद्र शासनाने मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणे एका दमात निषिद्ध केली आणि न्यायालयीन वादानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी घातली, एवढ्यावरून या रानाचा विस्तार कळावा. मोजदाद करण्यापूर्वी ही सर्व रूपे मूळ प्रकृतीपर्यंत नेऊन सोडविली नाहीत, तर दोन डॉक्टर एकच औषध लिहीत असूनही भिन्न दिसतात आणि भिन्न लिहीत असूनही एक दिसतात. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये औषधाचे मूळ नाव, वाचता येईल अशा आणि शक्यतो मोठ्या लिपीतील अक्षरांत लिहावे असे सांगितले; सांगावे लागले, यातच सर्व आले.

क्षयाच्या बाबतीत याहून सूक्ष्म अडचण आहे. आपले डॉक्टर आपसांत आणि कागदोपत्री या रोगाला पुष्कळदा ‘कॉक्स’ म्हणतात. १८८२ मध्ये या रोगाच्या जंतूचा शोध जाहीर करणाऱ्या रॉबर्ट कॉखचे ते नाव. उपचाराला ‘एकेटी’ अशी त्यावरूनच बनविलेली आद्याक्षरे. रुग्णाला वा त्याच्या सासरच्या मंडळींना ‘टीबी’ हा शब्द दिसू नये, ही यामागची करुणा. ती समजण्यासारखी आहे. लग्न मोडल्याच्या आणि नोकरी गेल्याच्या कहाण्या आपण सर्वांनीच ऐकलेल्या आहेत. परंतु शब्दशोधावर चालणारे यंत्र ‘क्षय’ शोधीत बसले तर त्याला असे कागद सापडणार नाहीत, आणि सापडले नाहीत म्हणून त्या दवाखान्यात क्षय नाही असा निष्कर्ष काढण्याचा मोह मात्र होईल. सौम्योक्तीचा अभ्यास केलेल्या माणसाची तेथे गरज आहे, हे सांगताना आमच्या विषयाची जाहिरात होत असली तरी इलाज नाही.

हे सर्व पनवेलच्या भूमीवर उतरवून पाहिले म्हणजे प्रश्न अधिक स्पष्ट होतो. १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत जुने पनवेल आहे, कळंबोली आणि कामोठे आहे, खारघर आहे आणि तळोज्याच्या परिसरातील गावेही आहेत. एका मर्यादेत आले म्हणून येथील सर्व दवाखाने एकमेकांचे ‘समव्यवसायी’ ठरतात काय? खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. तिच्या आसमंतात वेदनाशमनासाठी मॉर्फिन अधिक लिहिले गेले तर ते विचलन नव्हे, कर्तव्य होय. तळोजा आणि रसायनी येथील रासायनिक कारखान्यांचे कामगार ज्याच्याकडे येतात, त्या डॉक्टरच्या चिठ्ठ्यांत श्वसनविकारांची औषधे अधिक असावीत हे ओघानेच आले. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरुग्णांसाठी काम करणारे शांतिवन आहे. क्षयावर चालणारे रिफॅम्पिसिन कुष्ठरोगावरही देतात. दोन्ही रोगांची आकडेवारी कोणी आंधळेपणाने एकत्र केली तर एकच शब्द दोन अर्थांनी मोजला जाईल. आणि १८७२ पासून धूतपापेश्वरसारखा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना ज्या गावात चालत आला आहे, तेथे वैद्यांच्या चिठ्ठ्यांचा एक मोठा प्रवाह या मोजदादीच्या बाहेरूनच वाहतो. तो रुग्णही कधी ना कधी केमिस्टच्या दुकानात येतो; तोवर त्याने काय घेतले, हे आकड्यांना ठाऊक नसते.

डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीत महाडच्या कुणबी बोलीचे वर्णन १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. महाड हे तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातले गाव. पुण्याच्या बोलीहून ढळलेली रूपे अशी यादी त्यांनी केली नाही. ती बोली स्वतःच्या नियमांनी चालणारी एक व्यवस्था मानून तिचे वर्णन केले. एखाद्या दवाखान्याची औषध लिहिण्याची रीतही प्रथम अशीच वाचावी लागते : रुग्ण कोण, ते कोठून येतात, कोणत्या ऋतूत येतात, जवळची प्रयोगशाळा कोणती तपासणी करते. एवढे वर्णन झाल्यावरही जे उलगडत नाही, ते संशयास्पद. आणि उलगडले तरी ते वैद्यकदृष्ट्या योग्य आहे की नाही, हा प्रश्न उरतोच. बोलीच्या बाबतीत तो उरत नाही. हा फरक पुन्हा सांगण्याचे कारण असे की, आमच्यातील काही उत्साही तरुण अभ्यासक ‘प्रत्येक रीत आपापल्या ठिकाणी बरोबर’ हे सूत्र कोठेही लावतात.

म्हणूनच प्रस्तुत लेखकास अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यात केलेला औषधांच्या पुरवठ्याचा व वापराचा अभ्यास पद्धतीच्या दृष्टीने अधिक मोलाचा वाटतो. १९९५ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि १९९८ मध्ये फडके यांच्या इंग्रजी ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी आली. तेथे चिठ्ठीची तुलना शेजारच्या डॉक्टरच्या चिठ्ठीशी केलेली नाही. आधी वैद्यकीय निकष ठरविले आणि मग एकेक चिठ्ठी त्या निकषांवर वाचली. काम सावकाशीचे, आणि निकष कोणी ठरवावे यावर वाद होणारे. पण येथे बहुमताने चूक झाकली जात नाही. यंत्राचा वेग आणि सातारच्या वाचनाची ही शिस्त यांची सांगड घालता येईल : कोणत्या चिठ्ठ्या आधी वाचाव्या एवढे यंत्राने सुचवावे, आणि यंत्राने निर्दोष म्हणून सोडलेल्या चिठ्ठ्यांतूनही काही चिठ्ठ्या यदृच्छेने काढून वाचाव्या. दुसरी अट पहिलीइतकीच आवश्यक आहे. तिच्यावाचून एकसारख्या चुका कधीच सापडणार नाहीत. कोणाही डॉक्टरचे नाव मात्र वाचन पुरे होण्यापूर्वी उघड होता कामा नये. गावात एकदा नाव झाले की खुलासा कोणी वाचीत नाही.

अशा वाचनासाठी सामग्री आपल्याकडे आहे काय? थोडी आहे. औषधविषयक नियमांत ३० ऑगस्ट २०१३ च्या अधिसूचनेने ‘एच-१’ ही नवी अनुसूची जोडली गेली आणि ती १ मार्च २०१४ पासून अमलात आली. क्षयाची औषधे, काही तीव्र प्रतिजैविके आणि सवय लावणारी काही औषधे अशा ४६ द्रव्यांची विक्री करताना औषधविक्रेत्याने डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे परिमाण यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करावयाची असते. खासगी डॉक्टरांनी क्षयरुग्ण शासनाला कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि २०१८ च्या राजपत्रानुसार औषधविक्रेत्यांवरही ती जबाबदारी आली. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या तर औषध गेले पण रुग्ण कळविला गेला नाही, अशा जागा दिसू शकतात. एच-१ च्या वहीत निदानाचा रकाना नाही, ही तिची मोठी उणीव. तरीही कोणत्याही विद्यापीठीय विभागाने अन्न व औषध प्रशासनाच्या संमतीने, रुग्णांची नावे झाकून, एका तालुक्याच्या वह्या उतरवून घेण्याचे काम हाती घ्यावे असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक नोंद दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे वाचावी आणि त्यांच्या वाचनात किती ठिकाणी मतभेद झाला हेही प्रसिद्ध करावे. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत आपण हेच करतो. काम लांबणीवर टाकण्यास मात्र फारसा वाव नाही, कारण ही वही तीन वर्षेच जपून ठेवण्याचे बंधन आहे. मार्च २०१४ मध्ये लिहिलेली पहिली पाने २०१७ नंतर सांभाळण्याची सक्ती कोणावरही राहिलेली नाही, आणि त्यानंतर दरमहा एकेका महिन्याची पाने त्याच वाटेने जात आहेत.